गिटारसाठी कुठला माईक? आधी एका कानात बोट घाला

भाच्याने पाठवलेली फाईल मी हेडफोन लावून ऐकायला घेतली आणि दुसऱ्या ओळीला हेडफोन काढून ठेवला. गिटार कसली, रिकाम्या टाकीवर कुणीतरी थापा मारतंय असं वाटत होतं. खाली नुसता घुमारा, वर तारेचा पत्ता नाही, आणि मागे पंख्याची घरघर.

"मामा, माईक चांगला आहे रे, मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे आतल्या मोठ्या पडद्याचा आहे," तो फोनवर म्हणाला. "पण याहून भारी घ्यावा लागणार बहुतेक. कुठला घेऊ?"

मी विचारलं, ठेवला कुठे होतास?

"कुठे म्हणजे? भोकासमोर. आवाज तिथूनच येतो ना?"

नाही. आणि हे एकदा नीट कळलं की माईकवर उडणारे निम्मे पैसे वाचतात, म्हणून आधी तेवढंच सांगतो.

गिटारचं भोक तोंडासारखं दिसतं, म्हणून आवाज तिथून येतो असं वाटतं. खरं काम करते ती समोरची पातळ लाकडी फळी. तार थरथरते, ती थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा अंगावर जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीतून, फळीत उतरते आणि फळी हवेला ढकलते. भोकातून बाहेर येते ती मुख्यतः पोटातली कोंडलेली हवा, आणि ती जोरात हलते एका ठरावीक सुराच्या आसपासच, साधारण १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांना. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की 'हूं' येतो ना, तोच प्रकार. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ देते, त्यापुढची ११० हर्ट्झ. म्हणजे खालचे सगळे सूर या फुंकरीच्या शेजारीच राहतात. भोकासमोर माईक ठेवलात की त्यांतले दोन-चार फुगून बसतात आणि बाकीचे मागे पडतात. बाटलीच्या तोंडाशी लाखाचा माईक धरलात तरी ऐकू येणार फुंकरच.

त्यात आणखी एक भर पडते. जे माईक एकाच दिशेने ऐकतात, त्यांच्या जवळ गेलं की खालचे सूर आपोआप वाढतात. निवेदक माईकला ओठ टेकवून भारदस्त आवाज काढतात, तो याच जोरावर. गिटारला मात्र हे बाधतं. भोकाचा घुमारा एक, जवळिकीचा दुसरा, आणि दोघांची बेरीज भाच्याच्या फाईलमध्ये झाली होती.

पुढच्या रविवारी पुण्यातच डहाणूकर कॉलनीत ताईकडे, म्हणजे भाच्याच्या घरी गेलो. भाच्याला खुर्चीत बसवलं, एकच कॉर्ड सावकाश वाजवत राहा म्हटलं. मग एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानामागे तळहात धरला आणि त्याच्यासमोर वाकून कान गिटारभोवती हळूहळू फिरवत राहिलो. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "काय रे, ओवाळतोयस का त्याला?"

एकच कान उघडा ठेवायचा, कारण दोन कान असले की मेंदू लबाडी करतो. खोलीचा घुमारा, पंखा, खालचा रस्ता हे सगळं तो बाजूला सारतो आणि आपल्याला हवं तेच ऐकवतो. माईकला असा मेंदू नाही. एका कानाने ऐकलं की माईकला काय ऐकू येणार आहे याचा बराच अंदाज येतो.

भोकासमोर कान नेला तेव्हा तोच घुमारा. ब्रिजच्या मागे, फळीच्या रुंद भागासमोर आवाज गोल होता पण जरा नाकातला. मानेच्या वरच्या टोकाशी, खुंट्यांजवळ, बोटं तारेवर सरकण्याची किरकिर जास्त आणि अंग कमी. आणि मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, त्यांतल्या बाराव्या फ्रेटच्या समोर, वीतभर अंतरावर, तार आणि लाकूड दोन्ही एकदम ऐकू आले. मग मी खुर्चीत बसलो, माझी कशीबशी सी कॉर्ड लावली आणि त्याला कान फिरवायला लावला. तोही फिरत फिरत त्याच जागी थांबला.

बारावा फ्रेट ही काही जादूची जागा नव्हे, सुरुवात करायला बरी जागा आहे. माईक तिथून २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवायचा, तोंड जरासं मान जिथे अंगाला जोडली आहे तिकडे. आवाज किरकिरा वाटला तर माईक अंगाकडे वळवा, घुमला तर मानेकडे. माझं मत विचाराल तर दोन बरे माईक आलटून-पालटून लावल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक एकच माईक चार बोटं सरकवल्याने पडतो. फार जवळही नको. २५ सेंटीमीटरवर माईक असताना वाजवणारा रंगात येऊन ५ सेंटीमीटर पुढे झुकला, तर आवाज जवळजवळ २ डेसिबलने चढतो. माईक दुप्पट लांब असेल, तर तेवढ्याच झुकण्याने १ डेसिबलसुद्धा चढत नाही.

मग लांबच का ठेवू नये? कारण लांब गेलं की खोली ऐकू येते.

ताईच्या हॉलमध्ये मी टाळी वाजवली. खाली गुळगुळीत टाइल्स, समोरासमोर दोन मोकळ्या भिंती, काचेचं शोकेस. टाळीमागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज पळत गेला. टाळी दोन भिंतींमध्ये टेबल टेनिसच्या चेंडूसारखी आपटत राहते, त्याचा हा आवाज. गिटारच्या प्रत्येक ठोक्यामागे हेच शेपूट लागतं आणि रेकॉर्डिंग घरगुती वाटतं ते बहुतेक वेळा या शेपटामुळे. झोपायच्या खोलीत तीच टाळी वाजवली, तर ठप्प. गादी, पडदे, कपड्यांनी ठासून भरलेलं उघडं कपाट. आजीने शिवलेली जाड गोधडी स्टँडवर टाकून वाजवणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला उभी केली की आणखी फरक पडतो. खुर्चीखाली सतरंजी किंवा जाजम. गोधडीने बाहेरचा हॉर्न मात्र अडत नाही. ती खोलीतला परतीचा आवाज शोषते, एवढंच. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, विटांची भिंत लागते.

आता माईक. बाजारात नावं शेकडो असली, तरी आतली यंत्रणा तीनच तऱ्हेची.

डायनॅमिक माईक म्हणजे सायकलचा डायनॅमो. पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हा ज्यांनी संध्याकाळी चाकाला डायनॅमोची बाटली टेकवली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. चुंबक आणि तारेची गुंडाळी एकमेकांजवळ हलले की वीज तयार होते. माईकमध्ये ती गुंडाळी एका पडद्याला चिकटवलेली असते. आवाजाने पडदा हलतो, त्याबरोबर गुंडाळी हलते, वीज निघते. शुअर कंपनीचा एसएम५७ या जातीचा, १९६५ साली आला आणि आजही विकला जातो. दणकट आहे आणि ढोलापासून ॲम्प्लिफायरपर्यंत काहीही सोसतो. अडचण गुंडाळीच्या वजनाची. नखाने तार छेडल्या क्षणी जी बारीक 'टिक' निघते, तिच्याइतक्या चपळाईने हा जड पडदा हलत नाही. शिवाय वीज इतकी थोडी निघते की हळुवार वाजवणं ऐकायला इंटरफेसचा (माईक संगणकाला जोडणाऱ्या डबीचा) गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, शेवटापर्यंत पिळावं लागतं, आणि मग त्याचीच सूं सूं ऐकू येते. जोरात स्ट्रमिंग आहे, खोली गोंगाटाची आहे, तर हाच माईक तारून नेतो. नाजूक बोटकाम असेल तर जीव ओतून वाजवलेलं निम्मं वाया जातं.

कंडेन्सरमध्ये गुंडाळी नसते. काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा आणि त्याच्या मागे अगदी जवळ धातूची चकती. दोघांमध्ये विद्युतभार. पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर व्होल्टेज. हलवायचं ओझं जवळपास काहीच नाही, त्यामुळे पडदा चपळ आणि नखाची टिक जशीच्या तशी. अकूस्टिक गिटारला बहुतेकदा कंडेन्सरच सुचवतात, तो यासाठी.

त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. इंटरफेसवर '४८ व्होल्ट' असं बटण असतं ते त्यासाठीच. ४८ हाच आकडा का, याची गंमत आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नवा छोटा माईक, केएम८४, नॉर्वेच्या आकाशवाणीला दाखवला. हिवाळ्यात तिथे दिवसाचा उजेड जेमतेम, म्हणून स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. मग माईकही त्याच विजेवर चालवू, असं ठरलं. नॉर्वेच्या अंधाराने ठरवलेला आकडा आज आपल्या टेबलावरच्या छोट्या डबीवरही छापलेला असतो.

तिसरी जात रिबनची. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी लोंबत असते, काजूकतलीवरच्या वर्खाची आठवण यावी इतकी पातळ. तिच्यावर फुंकर मारायची नाही. सदोष केबलमधून ४८ व्होल्ट गेले तरी काही रिबन माईकची पट्टी निकामी होऊ शकते. आवाज मात्र मऊ. नव्या स्टीलच्या तारा कानाला टोचत असतील, तर रिबन त्यांची धार अदबीने कमी करतो. पहिला माईक म्हणून कुणी घेऊ नये. तिसरा म्हणून घ्या.

भाच्याचा घोळ झाला होता तो आकारात. "मोठा डायफ्राम म्हणजे मोठा आवाज" असं त्याला वाटत होतं. मोठा म्हणजे साधारण १ इंचाचा पडदा, छोटा म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपास. मोठ्या पडद्याची स्वतःची सूं सूं कमी असते आणि गाणाऱ्याच्या गळ्याला तो छान भरीवपणा देतो. गळा मात्र एकाच जागेतून येतो, गिटार तसं नाही. वीतभर अंतरावरून माईकला गिटार केवढं दिसतं ते बघा: एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला फळीचा रुंद भाग, खाली ब्रिज. यातलं थोडंसंच अगदी नाकासमोर असतं, बाकी सगळं तिरकं. आणि तिरकं ऐकताना मोठा पडदा आवाजाचा रंग बदलतो, वरचे सूर खातो. छोटा पडदा समोरचं आणि तिरकं जवळपास सारखं ऐकतो. केएम८४ गिटारवाल्यांचा लाडका झाला आणि त्याच धाटणीचे, पेन्सिलीसारखे दिसणारे स्वस्त माईक आज सगळेच बनवतात, ते या गुणामुळे. एकट्या गिटारसाठी घ्यायचा असेल तर मी पेन्सिल सांगेन. गाणं आणि गिटार दोन्हीसाठी मिळून एकच परवडत असेल, तर मोठा पडदा घ्या. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' नावाचा, म्हणजे माईकच्या स्वतःच्या सूं सूंचा, आकडा असतो, त्यावर लोक फार भांडतात. रोड नावाच्या कंपनीच्या मोठ्या पडद्याच्या एनटी१-ए माईकचा हा आकडा ५ डेसिबल, त्याच कंपनीच्या पेन्सिल एनटी५ चा १६. कागदावर फरक प्रचंड. आता तुमची खोली बघा. शांत म्हणावी अशी झोपायची खोलीसुद्धा साधारण ३० डेसिबलच्या घरात असते, पंखा लावला की विचारूच नका. स्टीलच्या तारा, वीतभर अंतर, पंखा सुरू: या हिशोबात ५ आणि १६ यांत काही ऐकू येत नाही. नायलॉनच्या तारांचं क्लासिकल गिटार, हळुवार बोटं आणि माईक हातभर लांब असेल, तर मात्र ऐकू येतं. तिथे कमी आकडा बघून घ्या.

त्यापेक्षा महत्त्वाचं, माईक कुठल्या बाजूने ऐकत नाही. बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे त्यांच्या ऐकण्याचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा: समोरून पूर्ण, मागून जवळजवळ बहिरे. मग ही बहिरी पाठ कुठे करायची ते ठरवा. ताईच्या घरी ती खिडकीकडे केली, खालून रिक्षा चढावर घोंगावतात म्हणून. ऑम्नी माईक सगळीकडून सारखं ऐकतो. त्याला जवळ गेल्यावर फुगण्याचा रोग नाही, आवाज मोकळा आणि खराखुरा येतो, पण त्याला शांत खोली हवी. पेठेतल्या वाड्यात, शेजारच्या घरातला कुकर ज्यांना आपलाच वाटतो, त्यांनी याच्या नादी लागू नये.

कुठलाही माईक न अडवणाऱ्या गोष्टीही पुण्यात आहेत. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की तो खालचा धमधम आवाज बंद खिडकीतून आत येतो. लो-कट फिल्टर, म्हणजे खालचे सूर कापणारी चाळण, ८० हर्ट्झवर लावून थोडा कमी होतो, पण गिटारची ८२ हर्ट्झवाली तारही त्याच फिल्टरच्या पायाखाली येते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे शांत असेल म्हणून उठावं, तर कोकीळ. त्याचा सूर ऐन गिटारच्या मधोमध, तो फिल्टरने काढायला गेलात तर गाणंच जाईल. दुपारी १ ते ४ पुणं झोपतं असं म्हणतात, पण भंगारवाल्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी रात्री ११ नंतर बसतो.

गाता-गाता वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी. गिटारसमोरच्या माईकमध्ये गळा शिरतो, गळ्याच्या माईकमध्ये गिटार. कार्डिऑइड इथे फारसा कामाचा नाही, कारण तो मागून बहिरा आणि तोंड तर त्याच्या वरच्या बाजूला. इथे 'फिगर ऑफ एट' माईक लागतो, आठच्या आकड्याचा. (इंग्रजी आठचा. आपल्या ८ चा आकार डोळ्यांसमोर आणाल तर काहीच कळणार नाही.) तो पुढून आणि मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना ठार बहिरा असतो. गिटारच्या माईकची एक कूस तोंडाकडे वळवा, गळ्याच्या माईकची कूस गिटारकडे. दोन्ही आवाज थक्क व्हावं इतके वेगळे होतात. तेवढी सोय नसेल तर एकच माईक छातीच्या उंचीवर थोडा लांब ठेवा आणि गळा-गिटारचा तोल पुढे-मागे सरकून जमवा. जुनी पद्धत आहे, वाईट नाही.

दोन माईक लावून स्टिरिओ करायचा मोह प्रत्येकाला होतो. तबला, पेटी, गळा अशा भरल्या गाण्यात गिटार साथीला असेल, तर एक माईक भरपूर झाला, दोन लावून नुसती गर्दी होते. गिटार एकटंच असेल तर लावा, पण एक सापळा आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. एक माईक दुसऱ्याहून १७ सेंटीमीटर लांब असला, तर त्याला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की १००० हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना खोडतात. आवाज पोकळ होतो, पाइपमधून आल्यासारखा. यावर सोपा उपाय एक्सवाय: दोन सारखे माईक, तोंडं एकावर एक, मध्ये ९० अंशांचा कोन. दोघांना आवाज एकाच वेळी पोचतो, खोडाखोड नाही. फ्रेंच आकाशवाणीची ओआरटीएफ पद्धत थोडी ऐसपैस आहे, १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. एक माईक बाराव्या फ्रेटला आणि दुसरा फळीच्या रुंद भागासमोर लावलात, तर दोन्हींची अंतरं दोरीने मोजा आणि शेवटी सगळं मोनो करून फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे गिटार अंग चोरून बसलं, तर माईक हलवा.

गिटारच्या आत पिकअप (तारेची थरथर थेट विजेत बदलणारा तुकडा) असेल तर त्याची वायर थेट जोडायला सोपी, पंखाही ऐकू येत नाही. पण ब्रिजखालचा पिएझो पिकअप तारेचा दाब ऐकतो, हवा ऐकत नाही. म्हणून त्याचा आवाज बदकासारखा 'क्वॅक' येतो. कार्यक्रमात चालतो, रेकॉर्डिंगला माईकच्या मागे थोडासा मिसळायला ठीक.

खरेदीबद्दल थोडंच. यूएसबी माईकने सुरुवात करायला हरकत नाही, फक्त पुढे दुसरा माईक जोडायची वेळ आली की तो आडवा येतो. केबल मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत घेतो आणि तिथेच हलवून, वाकवून बघतो. एकदा स्वस्तात घेतलेल्या केबलीने ऐन टेकमध्ये खरखर केली, तेव्हापासून कनेक्टर वेगळे घेऊन स्वतःच सोल्डरचा डाग देतो. तिथे एक्सएलआर, म्हणजे माईकचं तीन पिनांचं कनेक्टर, मागितलं तरी मिळतं, पण मांडव-स्पीकरवाल्यांच्या बोलीत ती 'कॅनन पिन'. स्टँडचे आटे बघून घ्या. काहींचे ३/८ इंचाचे, काहींचे ५/८. मधला पितळी ॲडॅप्टर नखाएवढा असतो आणि नेमका रविवारी हरवतो.

रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवा आणि सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन द्या. तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी बदलल्या तर प्रत्येक टेकनंतर ट्यूनर.

भाच्याने त्या रविवारी नवा माईक घेतला नाही. आहे तोच झोपायच्या खोलीत नेला, पंखा बंद केला, बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर लावला आणि तेच गाणं पुन्हा वाजवलं. ताईसुद्धा पोळ्या टाकून ऐकायला आली. पेन्सिल त्याने घेतली ती जूनमध्ये, आपल्या पैशाने. पावसाळ्यात कंडेन्सरला जपावं लागतं, पडद्यावर दमट हवा बसली की तो चरचर आवाज करतो. म्हणून मी त्याला सांगितलं, वापरून झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाक. त्याने फळीवरचा लाडवांचा स्टीलचा डबा उचलला. परवा गेलो तर त्यावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "यात लाडू नाहीत. उघडून खात्री करू नये."